अठराव्या वर्षीची रशियन बाराखडी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

1951 साल. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा परगणा आहे. तिथल्या बॉडमिन या लहानशा गावाजवळच्या लष्करी छावणीत त्या वर्षी एक शाळा सुरू झाली. तशीच दुसरी शाळा लंडनजवळच्या कोल्सडनला उघडली. विद्यार्थी होते अठरा-एकोणीस वर्षांचे. त्या काळी ब्रिटनमध्ये प्रत्येक धडधाकट तरुणाला सक्तीची लष्करी सेवा करावी लागे आणि कोरियातलं युद्ध सुरू झाल्यावर तिची मुदत दोन वर्षांची झाली होती. त्या दोन वर्षांत कुणी बंदुका साफ करत होतं, कुणी मलायाच्या जंगलात पाठवलं जात होतं. या मुलांच्या हाती मात्र वही-पेन्सिल आली आणि फळ्यावर अक्षरं उमटली: आ, बे, वे, गे, दे. रशियन मुळाक्षरं!

या शाळेचं नाव जॉइंट सर्व्हिसेस स्कूल फॉर लिंग्विस्ट्स. भूदल, नौदल आणि हवाई दल या तिन्हींनी मिळून चालवलेली भाषाशाळा. कारण सरळ होतं. सोव्हिएत युनियन हा कालपर्यंतचा दोस्त आता शत्रू झाला होता. त्याची विमानं, जहाजं, रणगाडे एकमेकांशी बिनतारी यंत्रणेवरून रशियनमध्ये बोलत होते. ते ऐकू येत होतं, पण कळणारी माणसं सैन्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. उद्या खरोखरच युद्ध पेटलं असतं तर कैद्यांची जबानी घ्यायलाही दुभाषे मिळाले नसते. तेव्हा सरकारनं ठरवलं की, हुशार पोरं निवडायची आणि त्यांना ही भाषा शून्यापासून शिकवायची.

आज आपल्याला यात नवल वाटणार नाही. कुठल्याही विद्यापीठात जावं, ‘प्रारंभिक’ वर्गात नाव घालावं आणि जपानी किंवा स्पॅनिशची मुळाक्षरं गिरवायला लागावं, हे आता सवयीचं झालंय. पण त्या काळच्या ब्रिटिश विद्यापीठांत अशी पद्धत सर्वमान्य नव्हती. भाषा शाळेत शिकून यायची आणि विद्यापीठात त्या भाषेतलं वाङ्मय वाचायचं, असा शिरस्ता. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच यांना तो लागू पडत होता. रशियनला कसा लागू पडणार? शाळांमध्ये रशियन जवळजवळ नव्हतीच. म्हणजे रशियन शिकायची तर विद्यापीठातच, आणि मुळाक्षरांपासून. विद्वानांना ते कमीपणाचं वाटे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगतो. ऑक्सफर्डला विल्यम मॉर्फिल या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्लाव्ह भाषांचा अभ्यास सुरू केला. 1900 मध्ये ते प्राध्यापक झाले, पण त्यांच्या वर्गात विद्यार्थी थोडेच. लिव्हरपूलला 1907 मध्ये बर्नार्ड पेअर्स यांनी रशियन अभ्यासाची शाळा काढली. बरोबर त्याच वर्षी ब्रिटन आणि रशिया यांच्यात करार झाला होता, हे लक्षात ठेवा. मग पहिलं महायुद्ध आलं, रशिया मित्रराष्ट्र झाला आणि 1915 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात स्लाव्ह अभ्यासाची संस्था उभी राहिली. तिचं उद्‌घाटनाचं व्याख्यान दिलं टोमाश मासारिक यांनी. तेव्हा ते परागंदा प्राध्यापक होते, तीन वर्षांनी चेकोस्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. 1917 च्या क्रांतीनंतर रशियनचा हा उत्साह ओसरला. म्हणजे पाहा, बाई-गुरुजी नेमायचे की नाहीत, हे पुश्किन किंवा तॉलस्तॉय ठरवत नव्हते. परराष्ट्र खातं ठरवत होतं.

पुन्हा बॉडमिनकडे येऊ. शिकवायला माणसं आणायची कुठून? सोव्हिएत युनियनमधून तर येणं शक्य नव्हतं. मग क्रांतीतून, फाळणीतून, दोन महायुद्धांतून जे जे लोक देशोधडीला लागून ब्रिटनमध्ये पोचले होते, ते सगळे गोळा झाले. जुन्या खानदानातले रशियन, पोलिश अधिकारी, बाल्टिक देशांतले लोक, युक्रेनी. कुणाची रशियन झारच्या काळातली, कुणाची सोव्हिएत शाळेतली. यांतल्या कित्येकांना परत मायदेश दिसण्याची आशा नव्हती. त्या गमावलेल्या देशाची भाषा ते इंग्रज पोरांना शिकवत होते, आणि ती पोरं ती भाषा शिकत होती त्या देशावर पाळत ठेवण्यासाठी. या गोष्टीतला पेच त्या शिक्षकांना कळत नसेल असं मला वाटत नाही. पण पोटाचा प्रश्न होता, आणि आपली भाषा कुणीतरी मन लावून शिकतंय याचं सुखही असावं. त्यांनी पोरांकडून रशियन गाणी बसवून घेतली, रशियन नाटकं करून घेतली. लष्करी छावणीत चेकॉव्हचा प्रवेश रंगतोय, हे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहा.

दिनक्रम मात्र कडक. सकाळी व्याकरणाचं व्याख्यान, मग लहान गटांत संभाषण, श्रुतलेखन, भाषांतर, संध्याकाळी शब्दांच्या याद्या पाठ. ठरावीक दिवसांनी परीक्षा. नापास झालात की सामान बांधायचं आणि मूळच्या पलटणीत परत! तिथं भांडी घासणं किंवा चिखलात कवायत. आपल्याकडे परीक्षेत नापास झालं तर पुन्हा बसता येतं. इथं क्रियापदाचं रूप चुकलं तर अंगावरचं पुढचं वर्ष बदलत होतं. असा धाक असल्यावर शब्द पाठ होणारच.

जे उत्तम निघत, त्यांना दुभाषे होण्यासाठी थेट लंडन किंवा केंब्रिज विद्यापीठात धाडलं जाई. बाकीचे ‘भाषांतरकार’ म्हणून जर्मनीत वगैरे नेमले जात आणि कानांना हेडफोन लावून सोव्हिएत वैमानिकांचं बोलणं टिपून घेत. केंब्रिजला ही मुलं लष्करात असूनही साध्या कपड्यांत, कॉलेजच्या पोरांसारखी सायकलींवरून हिंडत. तिथं त्यांची गाठ पडे एलिझाबेथ हिल या बाईंशी.

या बाईंबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. 1900 मध्ये सेंट पीटर्सबर्गला जन्म. वडील इंग्रज, आई रशियन. 1917 च्या धामधुमीत कुटुंब सगळं मागं टाकून इंग्लंडला आलं आणि हलाखीचे दिवस सुरू झाले. भाषा शिकवून पोट भरत भरत बाई लंडन विद्यापीठातून पदवीधर झाल्या, 1936 मध्ये केंब्रिजला व्याख्याता झाल्या आणि 1948 मध्ये तिथल्या स्लाव्ह अभ्यासाच्या पहिल्या प्राध्यापक. ज्या केंब्रिजनं त्याच वर्षी, म्हणजे 1948 मध्ये, बायकांना पूर्ण पदवी द्यायला सुरुवात केली, तिथं ही बाई खुर्चीवर बसली! दुसऱ्या महायुद्धातच त्यांनी सैनिकांना झटपट रशियन शिकवण्याचा कारखाना चालवून दाखवला होता. त्यामुळे लष्करानं पुन्हा त्यांच्याकडेच धाव घेतली. त्यांचा सिद्धांत साधा होता. शून्यापासून सुरुवात करणाऱ्याला हळूहळू शिकवलं तर तो कंटाळून पळतो. त्याला भाषेत बुडवून काढावं. रशियन ऐका, रशियन बोला, रशियन गा. आणि व्याकरण चुकलं तर क्षमा नाही. 1968 मध्ये त्या निवृत्त झाल्या. वयाची नव्वदी ओलांडून 1996 पर्यंत जगल्या.

1960 मध्ये सक्तीची लष्करी भरती बंद होत आली आणि शाळाही मिटली. तोवर ती स्कॉटलंडमधल्या क्रेल या समुद्रकाठच्या गावी हलली होती. नऊ वर्षांत सुमारे पाच हजार तरुण तिच्यातून गेले. युद्ध काही पेटलं नाही. म्हणजे ज्या कामासाठी त्यांना तयार केलं, ते काम मोठ्या प्रमाणावर करायची वेळच आली नाही. मग त्या रशियनचं काय झालं? मायकेल फ्रेन हा त्यातलाच एक. पुढे नाटककार झाला आणि चेकॉव्हची नाटकं त्यानं मूळ रशियनमधून इंग्रजीत आणली. आज इंग्रजी रंगभूमीवर ‘चेरी ऑर्चर्ड’ किंवा ‘थ्री सिस्टर्स’ होतं तेव्हा अनेकदा संहिता फ्रेनची असते. नाटककार ॲलन बेनेट त्याच्याच बरोबरचा. कादंबरीकार डी. एम. थॉमस यानं अख्मातोव्हाच्या कवितांची भाषांतरं केली. दूरदर्शन-नाटकांत नाव काढलेला डेनिस पॉटर हाही तिथलाच. आणि नावं माहीत नसलेले कितीतरी जण शाळा-कॉलेजांत रशियनचे शिक्षक झाले. संरक्षण खात्याच्या पैशावर इतकं वाङ्मयीन पीक निघालेलं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. खात्याचा तो हेतू नव्हता, हे वेगळं.

4 ऑक्टोबर 1957 ला स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकाही दचकली. पुढच्याच वर्षी तिथं राष्ट्रीय संरक्षणाच्या नावानं शिक्षणाचा कायदा झाला आणि विद्यापीठांतल्या परकीय भाषांच्या वर्गांना पैसा मिळू लागला. ब्रिटनमध्ये 1962 मध्ये नोएल ॲनन यांच्या समितीनं रशियनचं शिक्षण वाढवा असा अहवाल दिला. साठच्या दशकात नव्या विद्यापीठांत रशियनचे विभाग निघाले आणि अठराव्या वर्षी मुळाक्षरं गिरवणाऱ्याला पदवीच्या वर्गात मानानं जागा मिळाली. ही छावणीची देणगी. कारण पाच हजार पोरांनी सिद्ध केलं होतं की, हे वय उशिराचं नाही. पण 1979 मध्ये दुसरी समिती बसली आणि तिनं रशियनचे काही विभाग बंद करायला सांगितलं. सतरा वर्षांत वारं फिरलं.

आता प्रत्यक्ष भाषेकडे वळू. कारण हे सगळं वाचून वाटेल की, रशियन म्हणजे काहीतरी भयंकर प्रकरण. इंग्रज मुलाला ती तशी वाटतेही. पहिल्याच दिवशी नमस्कारासाठी ‘ज़्द्रास्त्वुइते’ हा शब्द उच्चारायचा. लिहिताना त्यात आणखी एक ‘व’ असतो, तो बोलताना गिळायचा. शब्दाचा अर्थ ‘निरोगी असा’. आपल्या ‘आयुष्मान भव’च्या जवळचा. मग अक्षरं. काही इंग्रजीसारखी दिसतात पण आवाज निराळा. ‘रेस्तरान’ या पाटीवरची अक्षरं रोमन समजून वाचली तर ‘पेक्टोपा’ होतं, हा प्रत्येक रशियन वर्गातला जुना विनोद आहे.

पण मराठी विद्यार्थी या वर्गात बसला तर त्याला काही जागा ओळखीच्या वाटतात. इंग्रजाला ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला फरक समजावून सांगावा लागतो, आपल्याला ‘ती’ आणि ‘वी’ लगेच कळतात. रशियन माणूस आपल्या नावापुढे बापाचं नाव लावतो, इवान पेत्रोविच म्हणजे प्योत्रचा मुलगा इवान. आपण शाळेच्या हजेरीपटापासून तेच करतो. ‘एक’ किंवा ‘तो’ अशी उपपदं रशियनमध्ये नाहीत. लिंगं तीन, आपल्यासारखीच. विभक्ती सहा, आणि ज्यानं शाळेत प्रथमा-द्वितीया घोकलीय, ज्याला ‘घोडा’चं ‘घोड्याला’ होताना मधलं रूप बदलतं हे न शिकवता येतं, तो सहा विभक्तींना काय भिणार? सगळ्यांत मजा भूतकाळाची. तो बसला, ती बसली, ते बसलं. रशियनमध्ये ‘ऑन सिद्येल, अना सिद्येला, अनो सिद्येला’. शेवटच्या शब्दात लिहिताना ‘लो’ असतं, बोलताना त्याचा ‘ला’ होतो. क्रियापद कर्त्याचं लिंग दाखवतं, आणि वर ‘ल’सुद्धा! या दोन ‘ल’कारांचं मूळ वेगवेगळं आहे, योगायोगच तो, पण नवशिक्याला धीर देणारा. आपल्या ‘चमच्या’तला ‘च’ ज्याला येतो त्याला रशियनचं ‘त्स’ हे अक्षर अडत नाही. इंग्रज मुलगा शब्दाच्या आरंभी ते उच्चारताना हटकून अडखळतो.

संस्कृतशी असलेलं नातं हा आणखी एक मोह. द्वार आणि ‘द्वेर’, अग्नी आणि ‘अगोन’, नभ आणि ‘न्येबा’, हिम आणि ‘ज़िमा’ म्हणजे हिवाळा. नातं खरं आहे, दोन्ही इंडो-युरोपीय कुळातल्या. पण त्यावर कुणी ‘रशियन ही संस्कृतचीच लेक’ असं सांगू लागलं की सावध व्हावं. चुलत बहिणींना मायलेकी म्हणून चालत नाही. शिवाय अशा शब्दांची शिदोरी पंधरा दिवस पुरते. मग येतात संख्या. दोन, तीन, चार या आकड्यांपुढे नामाचं एक रूप, पाचपासून पुढे दुसरंच. मग येतात जाण्याची क्रियापदं. आपण पायी जातो, गाडीनं जातो, रोज जातो, आत्ता जातो, सगळ्याला ‘जाणे’. रशियनमध्ये पायी आणि वाहनानं यांना वेगळी क्रियापदं, आणि पुन्हा एकदाच एका दिशेनं निघालात की नेहमी ये-जा करता, यावर वेगळी. त्यातच प्रत्येक क्रिया पुरी झाली की चालू आहे, यानुसार क्रियापदांच्या जोड्या. ‘लिहीत होतो’ आणि ‘लिहून काढलं’ यांतला भेद मराठी कानाला कळतो खरा, पण बोलताना योग्य जोडीदार क्षणात सुचला पाहिजे. इथं धैर्य गळतं. बॉडमिनला गळायचं आणि आजही गळतं.

मराठी माणसाची रशियनशी गाठ बॉडमिनच्या कितीतरी आधी पडली होती. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी, बौद्ध वाङ्मयाचे थोर पंडित. घरदार सोडून संस्कृत आणि पालीसाठी नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश पालथे घातलेला हा माणूस पुढे हार्वर्डला गेला. तिथं समाजवादाची ओढ लागली आणि त्यांनी रशियन शिकून घेतली. 1929 मध्ये ते लेनिनग्राडला गेले आणि तिथल्या विद्यापीठात पाली शिकवली. पन्नाशी उलटल्यावरची ही गोष्ट! अठराव्या वर्षी मुळाक्षरं गिरवणं कमीपणाचं मानणाऱ्या विद्वानांनी हे उदाहरण पाहायला हवं होतं.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडेही भाषेच्या मागून राजकारण आलं, की राजकारणाच्या मागून भाषा, कोण जाणे. 1955 मध्ये नेहरू मॉस्कोला गेले, त्याच वर्षाअखेर ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतात आले. भिलाईचा पोलाद कारखाना झाला. 1958 मध्ये मुंबईची आयआयटी सुरू झाली तेव्हा युनेस्कोमार्फत सोव्हिएत तज्ज्ञ आणि यंत्रं पवईला आली, इथल्या अध्यापकांना तिकडे प्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मिळाल्या. दिल्लीत 1965 मध्ये रशियन अभ्यासाची स्वतंत्र संस्था निघाली, ती पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा भाग झाली. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियनचे वर्ग भरू लागले, मुंबई विद्यापीठात विभाग निघाला. सोव्हिएत पुस्तकं चहाच्या किमतीत मिळत. गुळगुळीत कागदाची रंगीत मासिकं घरोघरी येत, आणि खरं सांगायचं तर वाचण्यापेक्षा शाळेच्या वह्यापुस्तकांना कव्हरं घालायलाच ती जास्त खपली.

मॉस्कोमध्ये 1960 साली लोकमैत्री विद्यापीठ सुरू झालं. पुढच्या वर्षी त्याला काँगोचे मारले गेलेले नेते पॅट्रिस लुमुम्बा यांचं नाव मिळालं. आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका इथली मुलं तिथं येत, त्यांत भारतीयही होते. डॉक्टर व्हायचं असो की इंजिनीअर, पहिलं वर्ष भाषेचं. घानाचा मुलगा, क्यूबाची मुलगी आणि भारतातला विद्यार्थी यांना एकमेकांशी बोलायला एकच भाषा, तीही तिघांना नवी. केंब्रिजमध्ये लिझा हिलबाईंनी जे हुकमानं केलं, ते इथं गरजेनं झालं. आणि बॉडमिनची मुलं जी भाषा चोरून ऐकण्यासाठी शिकत होती, ती भाषा इथं जेवणाच्या रांगेत मीठ मागण्यासाठी शिकली जात होती. कुठली रशियन जास्त टिकली असेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

चोरून ऐकण्याचा विषय निघाला म्हणून एक मुंबईची गोष्ट सांगतो. आपल्या नौदलाच्या क्षेपणास्त्र-नौका सोव्हिएत बनावटीच्या. त्यांचे खलाशी आणि अधिकारी व्लादिवोस्तोकला प्रशिक्षणाला गेले, तिथं आधी रशियन शिकले आणि मग क्षेपणास्त्रं. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री कराचीवर हल्ला झाला. त्या मोहिमेत बिनतारी संदेश रशियनमध्ये दिले गेले, म्हणजे ऐकणाऱ्या शत्रूला पत्ता लागू नये, असं नौदलातल्या लोकांनी सांगून ठेवलंय. इंग्रज पोरं रशियन कळावी म्हणून शिकली, आपली पोरं ती दुसऱ्याला कळू नये म्हणून बोलली! राकेश शर्मा 1984 मध्ये अंतराळात गेले, त्यांनाही आधी वर्गात बसून हीच मुळाक्षरं गिरवावी लागली होती.

1991 अखेर सोव्हिएत युनियन संपलं. स्वस्त पुस्तकं थांबली, मासिकं बंद पडली, रशियनच्या वर्गांतली गर्दी जपानी आणि जर्मनकडे सरकली. ब्रिटनमध्ये उलट काही वर्षं दारं उघडली होती. रशियन शिकणारे विद्यार्थी एक वर्ष मॉस्को, वोरोनेझ अशा शहरांत काढून येत. 2022 मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर ते थांबलं. त्यानंतर ही मुलं रशियन बोलायला कझाकस्तान, किर्गिझस्तान, लाटव्हिया, एस्टोनिया अशा देशांत जाऊ लागली. ज्या देशाची भाषा, तो देश सोडून बाकीकडे. हिलबाईंच्या विद्यार्थ्यांचं तरी दुसरं काय होतं? त्यांनाही रशिया दिसलेला नव्हता.

आपल्याकडची गर्दी मात्र निराळ्याच दारातून परत आलीय. महाराष्ट्रातली मुलंमुली डॉक्टरीच्या शिक्षणासाठी रशियातल्या शहरांत जातात. व्याख्यानं पुष्कळ ठिकाणी इंग्रजीत असतात, त्यामुळे पहिली दोन वर्षं भाषेचा तास टाळला तरी भागतं. तिसऱ्या वर्षी रुग्णालयात पाऊल ठेवलं की भागत नाही. खाटेवरच्या आजीबाईंना इंग्रजी येत नसतं. तिथं ‘श्तो उ वास बलीत?’ म्हणजे ‘तुमचं काय दुखतंय?’ हे स्वतः विचारावं लागतं, ‘तू’ नव्हे तर ‘तुम्ही’ म्हणून आणि तेही योग्य विभक्तीत. आणि मग आजीबाई उत्तर देतात, घाईघाईनं, अर्धे शब्द गिळत, डोक्याला ‘डोकुलं’ आणि पोटाला ‘पोटुलं’ म्हणावं तशा लाडक्या रूपांत. ती रूपं पहिल्या वर्षाच्या पुस्तकात दिलेली नसतात.